नकाराचे पाच गुण

विद्यापीठाच्या त्या विभागात समुपदेशक बाईंच्या खोलीत दोन वर्षांत विद्यार्थी आले ते मुख्यतः पंख्याखाली बसायला. मनाचं दुखणं घेऊन कुणी येईना, आणि महिनाअखेरीस बाईंच्या नव्या करारावर विभागप्रमुखांची सही व्हायची होती. तेव्हा बाईंनी एक खेळ काढला. प्रत्येक कार्डावर मन सांभाळायची एक युक्ती: वेळेवर झोपा, शांत श्वास घ्या. केलं की दोन गुण. ‘नाही म्हणायला शिका’ हे कार्ड अवघड, म्हणून त्याला पाच. कारण सांगायचं नाही, आणि ज्याला नकार दिला त्याची सही आणायची.

झोप आणि श्वास कुणी हुंगलेसुद्धा नाहीत. सगळा वर्ग पाच गुणांवर तुटून पडला. दुपारपर्यंत मुलांनी एकमेकांना नकार देऊन संपवलं आणि मग नजर वर वळवली. एका संशोधक मुलीला तिच्या मार्गदर्शक सरांनी नेहमीसारखा तपासायला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला.

“जमणार नाही, सर. इथे सही करा.”

सर इतके गडबडले की त्यांनी सही केली, वर तारीखही घातली.

बुधवारपर्यंत परिसंवादाच्या खुर्च्या लावायला, एका प्राध्यापिकेच्या लेकीचा शाळेचा प्रकल्प रंगवायला कुणी मिळेना. तीन प्राध्यापक छायाप्रतीच्या यंत्राभोवती उभे होते; ते सुरू कुठून होतं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी प्रमुखांनी बाईंना बोलावलं. बाई गुणतक्ता घेऊनच गेल्या.

“हे काय चालवलंय, मॅडम?”

“शिकवतेय, सर. बत्तीस जण पास झाले.”

“उद्या पोरं कामाला लागली नाहीत, तर कराराचं विसरा.”

प्रमुखांपुढे तीन फायली होत्या: स्मरणिका, परिसंवाद, पाहुण्यांची सरबराई. कुलगुरूंच्या कार्यालयाने काहीही मागितलं की प्रमुख हो म्हणत आणि काम खाली मुलांकडे ढकलत. आता खाली ढकलायला कुणी उरलं नव्हतं. बाईंनी हे ताडलं आणि तसं तोंडावर सांगितलंही. तेवढ्यात फोन वाजला. कार्यालयाला चौथ्या समितीसाठी अध्यक्ष हवा होता.

“कारण देऊ नका,” बाई हळूच म्हणाल्या.

प्रमुख फोनमध्ये म्हणाले, “नाही जमणार, साहेब.”

पलीकडून ‘बरं’ एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

हातातून पडूनही न फुटता गडगडत जाणाऱ्या बरणीकडे बघावं, तसे प्रमुख फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी खणातून बाईंचा करार काढला आणि एक नाही, तीन वर्षांसाठी सही ठोकली.

“विद्या पक्की आहे हो तुमची,” ते म्हणाले आणि तिन्ही फायली पुढे सरकवल्या. “आता एवढं तुम्हीच बघाल ना?”

“बघते की, सर.”

अर्ध्या जिन्यावर बाईंना आपण काय बोलून बसलो ते कळलं. त्या थांबल्या. ताठ मानेने परत वर गेल्या आणि प्रमुखांचं दार ढकललं.

“स्मरणिका कधीपर्यंत हवी, सर?”