बखर गोजरबाईसाहेबांच्या ओट्याखालील गंजक्या पाइपाची

श्रीसिद्धेश्वर प्रसन्न. सोलापूर शहरी, सात रस्त्याच्या पलीकडील गल्लीत, शाहाबादी फरशीच्या ओट्याच्या मालकीण, तिसरी इयत्ता अर्ध्यात सोडून उरलेली अक्कल जन्मतःच घेऊन आलेल्या, खाशा गोजरबाईसाहेब यांणी जमिनीतील गॅसच्या पाइपाशी जे समर केले, त्याची हकीकत यथास्थित लिहिली आहे. वाचणारास हसू आल्यास पदर तोंडास लावावा.

मजकूर ऐसा जे, गॅसची लाइन गल्लीत आली ती प्रथम बाईसाहेबांच्या घरी आली, आणि तेणेकरून मिजास ऐसी चढली की शेजारच्या जगदेवीबाई सिलिंडर ओढू लागल्या म्हणजे बाईसाहेब खिडकी उघडून निळी ज्योत दाखवीत. मग काही वर्षे सुखात गेली, आणि मग कंपनीकडून अर्शी नामे इंजिनिअर, वय कोवळे परंतु नजर करडी, हाती यंत्र आणि मागे टिकाववाले घेऊन दाखल जाहली, आणि पुरलेला पोलादी पाइप कोठे शाबूत, कोठे गंजला, आणखी किती वर्षे भरवशाचा, याची पारख करीत ओट्यापाशी आली. तेथे यंत्राने वाईट खबर दिली. सबब ओटा फोडून पाइप डोळ्यांनी पाहणे प्राप्त जाहले.

इकडे परवाचे रोजी नात सृष्टी इजला पाहावयास अक्कलकोटचे पाहुणे येणार, आणि दारात खंदक! बाईसाहेब ओट्यावर मांडी ठोकून बसल्या आणि फर्मान सुटले.

“फरशीला टिकाव लावून तर बघा! पावनं काय उडी मारून येणार हायत व्हय?”

“मौसी, पाइप आज फुटंल असं मी म्हणत न्हाई,” अर्शी म्हणाली. “पण बघितल्याबिगर भरवसा बी देत न्हाई. पावनं आत बसल्यावर गॅस गळाला म्हंजे?”

“भरवसा! एवढ्या वर्षांत आप्पांचा मला आला न्हाय, आन तू पाइपाचा सांगतीस?”

आप्पा, म्हणजे बाईसाहेबांचे यजमान, दारामागे उभे होते. ते अधिक मागे जाहले.

मग वेढा दुपारपर्यंत चालला, आणि उन्हाने फरशी तवा जाहली, आणि बाईसाहेब एक बाजू उचलीत, दुसरी टेकवीत, परंतु ठाणे सोडीनात. तेव्हा सृष्टी बाहेर आली.

“आज्जी, ती फरशी बघायला येणार न्हाईत. मला बघायला येणार हायत. मी जित्ती असले तर.”

बाईसाहेब उठल्या, आणि फरशी पोळते म्हणून उठलो, ऐसे जाहीर केले.

मग टिकाव चालले आणि पाइप उघडा पडला. पाहतात तो इतरत्र धडधाकट; परंतु ओट्याच्या कडेस, मोकळ्या मातीतून घरात शिरतो तेथेच वरचे आवरण सोललेले आणि पोलाद खाल्लेले. यंत्र लावता जाडी निम्मीही भरेना. अर्शीने मातीवरचा पांढरा खार बोटांत चोळून पुसिले, येथे खारट काय ओतता?

“जगदेवीच असंल!” बाईसाहेब गरजल्या. “माझ्या गॅसवर तिचा डोळा हाय!”

तों आप्पा, हयातीत एकदाच, पुढे सरसावले.

“आगं, तूच की! पाइपाची दृष्ट काढतीस, आन त्ये मीठपाणी हितंच जिरवतीस. वर खुरप्यानं उकरतीस, नीट मुरावं म्हणून!”

खुलासा ऐसा जे, गल्लीची नजर लागू नये म्हणून बाईसाहेब मंगळवार, शनिवार आणि अमावास्येस पाइपावरून मीठ-मोहऱ्या ओवाळीत, आणि मिजास थोर, सबब मीठही सूपभर लागे. खुरप्याने आवरण सोलले आणि मिठाने पोलाद खाल्ले. गल्लीची नजर तेवढी लागली नव्हती.

बाईसाहेबांनी खुरपे आणून अर्शीपुढे ठेविले. ऐसा प्रसंग पूर्वी घडला नव्हता, सबब घरातल्यांस काय करावे कळेना. अर्शी मात्र हसली नाही. तिने गॅस बंद करवून गंजका तुकडा कापविला आणि नवा जोडून, तपासून, मग भरवसा दिला.

फरशी काही वेळेत बसली नाही. ठरल्या दिवशी पाहुणे खंदकावर टाकलेल्या फळीवरून आले. त्यांतील वडील बाईंनी पुसिले, दारात हे काय जाहले? आणि जगदेवीबाई भिंतीपलीकडून कान देऊन होत्या.

“पाइप गंजला हुता,” बाईसाहेब मोठ्याने बोलल्या. “मीच गंजवला. या, जपून या.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाइप शाबूत, नात शाबूत, पाहुणे चहास बसले. बाईसाहेबांचे नाक तेवढे रणी पडले.