नेलिदाबाईंचं डावं वळण

नेलिदाबाईंचा गुडघा डोंगरावर गेला असता, तर आमच्या व्हिया लेंगा गावाने छाती फुगवून सगळ्या पाटागोनियाला सांगितलं असतं. पण तो गेला स्वयंपाकघरात. वरच्या फळीवरची कालाफाते नावाच्या रानफळाच्या जॅमची बरणी काढायला बाई सपाता घालून स्टुलावर चढल्या. स्टूल एकीकडे गेलं, बाई दुसरीकडे, आणि उजवा गुडघा कुठे जावं ते न कळून मधेच अडकला. बरणी मात्र हातात शाबूत राहिली. जिने सगळ्या गावाला स्की शिकवलं, वादळात हरवलेले पाहुणे पाठीवर घेऊन खाली आणले, ती बाई स्टुलावरून पडली, हे कुणाला सांगायचीही चोरी. बाहेरगावच्या कुणी विचारलंच तर आम्ही आपलं ‘पडल्या, डोंगराकडे’ असं मोघम सांगायचो. स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडेच उघडते, तेव्हा ते अगदीच खोटंही नव्हतं.

ऑपरेशन केलं डॉक्टर दामियान बासुआल्दोने. त्याच्या पायात पहिली स्की बाईंनीच चढवली होती. लहानपणी हा गुटगुटीत पोरगा उतारावर सदा आपल्या पायांकडे बघायचा आणि बघता बघता पडायचा. बाई वरून ओरडायच्या, “पायांकडे काय बघतोस? ते कुठे पळून जाणार आहेत? पुढे बघ.” तो पडला की हात द्यायला मात्र कधी गेल्या नाहीत. बाईंचा नियम सगळ्यांना सारखा होता. चार फुटांवर उभं राहायचं, स्कीच्या काठ्यांवर हनुवटी टेकायची आणि म्हणायचं, “पडलास ना? आता आपला आपण ऊठ.” नगराध्यक्षीणबाईंपासून पाववाल्यापर्यंत सगळं गाव असंच आपलं आपण उठायला शिकलं.

भूल द्यायच्या आधी दामियान वाकून म्हणाला, “बाई, घाबरू नका हं.”

“मी कशाला घाबरू? आयुष्यभर तुला पुढे बघ म्हणून ओरडले, आज तेवढं खाली बघ.”

ते दामियानने इतकं मनावर घेतलं की त्यानंतर त्याची नजर बाईंच्या गुडघ्यावरून हललीच नाही. पावाच्या दुकानात भेटला तरी आधी गुडघ्याकडे बघून मान हलवायचा आणि मग वर बघून कशा आहात विचारायचा.

गुडघा छान बरा झाला. दामियानने ठोकून, वाकवून, फिरवून बघितला आणि ऑगस्ट लागताच, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सांगितलं की डोंगरावर जायला हरकत नाही, हा गुडघा आता आधीच्यापेक्षा दणकट आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे मशाली उतरतात. दिवस मावळताना गावातले दिवे बंद करायचे, बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी चाळीसेक जणांनी हातात मशाल घेऊन डोंगरमाथ्यावरून एका रांगेत खाली यायचं. रांगेचा नियम एकच. पुढचा जिथे वळेल तिथेच मागच्याने वळायचं, का म्हणून विचारायचं नाही. अंधारात ज्याने आपली अक्कल चालवली तो झाडावर आदळला, असं बाईंनी प्रत्येकाच्या डोक्यात लहानपणीच भरून ठेवलेलं. आणि सगळ्यांच्या पुढची मशाल कायम बाईंचीच. यंदा ती मशाल हातात नसेल तर स्की कायमची माळ्यावर टाकीन, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. बाई उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हेत, हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

घोडं अडलं ते डावीकडे वळताना. स्कीवर डावीकडे वळायचं म्हणजे सगळा भार उजव्या पायावर घ्यायचा. गुडघा तयार होता, डोकं तयार नव्हतं. पहिल्याच दिवशी वळायची वेळ आली आणि बाईंच्या डोळ्यांपुढे ते स्टूल उभं राहिलं आणि त्या सरळ उजवीकडे वळून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. आता उजवीकडेच जायचं म्हटलं की माणूस उतारावरून तिरका तिरका जात शेवटी जंगलाच्या कडेला, लाकडाच्या जुन्या गिरणीच्या रस्त्यावर निघतो. मग बाईंनी भल्या सकाळी, डोंगरावर कुणी नसताना सराव करायचा आणि नवरा एल्विओने खिळे-मोळ्यांचं दुकान उघडण्याआधी त्यांना गाडी घेऊन गिरणीच्या रस्त्यावर न्यायला यायचं, असं सुरू झालं. एल्विओ जन्मात कधी स्कीवर उभा राहिलेला नाही. बाईंनी त्याला सांगितलं, “इकडून उतरलं की शांत वाटतं.” तो म्हणाला, “बरं.” संसारात तो एवढंच म्हणतो आणि त्यामुळेच तो टिकला आहे.

आपली ही चोरी कुणाला ठाऊक नाही अशी बाईंची खात्री होती. रविवारपर्यंत एकदा तरी डावीकडे वळू, असं रोज ठरवायच्या आणि रोज गिरणीच्या रस्त्यावर निघायच्या. इकडे गावाचं काहीतरी बिनसल्यासारखं झालं. बाई पावाच्या दुकानात शिरल्या की बोलणी थांबायची. फ्रोइलान म्हणून एक जण आहे. तो संध्याकाळी मशीन फिरवून डोंगरावरचं बर्फ सपाट करतो आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो फ्रोइलानसुद्धा बाई दिसल्या की आभाळाकडे बघायला लागला. एल्विओच्या गाडीत जळाऊ लाकडं भरलेली. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “कुणीतरी मागितलीत.”

बाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. यंदा पुढची मशाल दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलंय आणि तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नाही. शनिवारी रात्री त्या जेवल्या नाहीत. एल्विओला म्हणाल्या, “मला काढून टाकताहेत. टाकू देत. पण मी वर जाणार आणि पुढेच उभी राहणार. मग डावीकडे काय होईल ते होईल.”

एल्विओ “बरं” म्हणाला आणि पुन्हा लाकडं मोजायला गेला.

रविवारी माथ्यावर गार वारा सुटला होता. स्की-शाळा चालवणारा रुफिनो समोर आला तेव्हा बाई भांडायच्या तयारीनेच उभ्या होत्या. त्याने पहिली मशाल पेटवली आणि मुकाट त्यांच्याच हातात दिली. बाईंच्या रागातली हवाच गेली. तेवढ्यात रुफिनो हातमोज्याकडे बघत म्हणाला, “बाई, यंदा गिरणीच्या रस्त्याने उतरू. डावीकडे बर्फ खराब आहे.”

बाईंनी डावीकडे बघितलं. फ्रोइलानने इस्त्री केल्यासारखं बर्फ होतं, एक सुरकुती नाही. एरवी त्यांनी रुफिनोला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्या वाद न घालता “बरं” म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी बरंही वाटलं, हेही खरंच.

रांगेच्या शेपटाला बचाव पथकाचे दोघे उभे होते. जखमींना न्यायची स्लेज त्यांनी घोंगडीखाली झाकली होती.

“हे काय आहे?”

“चहाचं सामान आहे, बाई.”

“चहाला स्लेज?”

“माणसं बरीच आहेत ना.”

बाईंच्या मागचा नंबर दामियानने कुणालाही न विचारता पटकावला. तो आला होता गुडघ्यावर लक्ष ठेवायला. गावातले दिवे गेले, रुफिनोने हात वर केला आणि रांग निघाली. बाई थोडं सरळ उतरल्या, उजवीकडे वळल्या, मागोमाग सगळ्या मशाली एकामागून एक तशाच वळल्या. डाव्या हाताला उतार अंधारात खोल गेला होता. मागून दामियानचं चालू होतं.

“बाई, जरा आत घ्या. गुडघा बाहेर जातोय.”

“दामियान, पुढे बघ.”

“छान. आता छान आहे. आता मात्र पुन्हा थोडा—”

पुढचा शब्द आलाच नाही. गुडघ्याकडे बघता बघता दामियानची एक स्की दुसरीवर चढली आणि डॉक्टरसाहेब मशालीसकट डावीकडे उतारावरून घरंगळत गेले. मशाल बर्फात चुर्रकन विझली. खालच्या काळोखातून आवाज आला, अगदी त्या जुन्या गुटगुटीत पोराचा, “बाई...”

आणि बाई वळल्या.

डावीकडे. विचार करायला वेळच नव्हता. सगळा भार उजव्या पायावर घेऊन, मशाल उंच धरून, त्या दामियानच्या दिशेने सरळ खाली गेल्या. मागची रांग शिकवल्याप्रमाणे तिथेच वळली, आणि का म्हणून कुणीही विचारलं नाही. रुफिनोने मात्र वळता वळता गिरणीच्या रस्त्याकडे एकदा घाबरून बघितलं.

दामियान बर्फात बसला होता. बाई चार फुटांवर थांबल्या. “पडलास ना? आता आपला आपण—”

“बाई, गुडघा.”

“कुठला?”

“उजवा.”

मग जे गावाने कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. त्यांनी स्की काढली, पुढे झाल्या, बर्फात गुडघा टेकला आणि त्याला हात दिला.

“बाई, तो गुडघा टेकू नका,” दामियान कळवळून म्हणाला. स्वतःचा पाय आडवा पडला होता तरी.

“गप्प बस. मुरगळलाय नुसता.” बाईंनी वर हाक मारली, “अरे, तुमचा तो चहा आणा इकडे.”

दामियानला स्लेजवर घोंगडीत गुंडाळलं. बाई स्की चढवून उठल्या, वर बघितलं, आपण कुठे होतो आणि कुठे आलो ते बघितलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की मधे एक वळण होऊन गेलंय. त्या निघाल्या. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मुद्दाम डावीकडे. मागून चाळीसेक मशाली त्यांच्या रेघेवर झुलत येत होत्या. आम्ही रांगेतले बरेच जण पन्नाशी ओलांडलेले, पण खरं सांगतो, त्यांच्या मागे जाताना सगळ्यांना पुन्हा शाळेत असल्यासारखं वाटलं. इतकं सुंदर त्या ऑपरेशनच्या आधीही उतरल्या नव्हत्या.

रांग नेहमीच्या मैदानात येऊन थांबली. दरवर्षी इथे बँड असतो, शेगडीवर चोरिपानसाठी, म्हणजे आमच्या सॉसेज-पावासाठी, सॉसेज भाजत असतात, नगराध्यक्षीणबाई भाषणाचा कागद घेऊन उभ्या असतात. आज मैदानात कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही मशाली बघून उठून गेलं.

बाईंनी मशाल बर्फात रोवली. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “मी पुढे होते म्हणून कुणी आलं नाही का रे?”

तेवढ्यात लांब, जंगलापलीकडे, गिरणीच्या रस्त्यावर बँड सुरू झाला. मशाली आल्या असतील असं समजून त्याने आपलं वाजवायला घेतलं होतं.

“सगळे तिकडे आहेत, बाई,” रुफिनो म्हणाला. “तुमच्यासाठी जत्राच तिकडे नेली. शेकोटी, शेगडी, स्टेज, सगळं.”

“का?”

रांगेतल्या फ्रोइलानला राहवलं नाही. “रोज संध्याकाळी मी बर्फ सपाट करतो, बाई. पहिल्या दिवसापासून बघतोय. गिरणीकडे दुसरं कुणी उतरत नाही, तिकडे रोज तुमची एकच रेघ, उजवीकडे जाणारी. मी फक्त बायकोला सांगितलं.”

फ्रोइलानच्या बायकोला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. बाईंना डावीकडे वळवत नाही ना, मग जिथे त्या उतरतील तिथे गाव जाईल, असं पावाच्या दुकानात ठरलं होतं. बाईंना कळू द्यायचं नाही, एवढीच अट.

तोवर पलीकडच्यांना मशाली भलतीकडे गेल्याचं कळलं होतं. जंगलाच्या वाटेने सगळं गाव धापा टाकत येताना दिसलं. ढोलवाला ढोल पोटाशी धरून, नगराध्यक्षीणबाई कोटाचा घेर उचलून, आणि सगळ्यांच्या पुढे एल्विओची गाडी, मागे पेटती शेगडी आणि ती धरून बसलेले तिघे. एल्विओ उतरला आणि त्याने बाईंच्या हातात चोरिपान ठेवला.

“तुला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“तू म्हणालीस ना, तिकडे शांत वाटतं.”

बाई रडल्या. सगळ्यांच्या देखत, चोरिपान खात खात रडल्या, आणि आम्हाला एकजात मूर्ख म्हणाल्या. भाषण झालंच नाही. नगराध्यक्षीणबाईंना दम लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पोरांचा वर्ग घेऊन वर गेल्या, तर माथ्याखाली ही गर्दी. फ्रोइलानने रात्री सगळा डोंगर सपाट केला होता, तेवढी एक जागा सोडून. तिच्याभोवती चार झेंडे रोवून, मधे बाईंचं ते डावं वळण जसंच्या तसं ठेवलं होतं. मागून वळलेल्या चाळीस जणांनी तीच रेघ इमानाने खोल केली होती. खाली एल्विओच्या गाडीत दामियान पाय उशीवर ठेवून बसला होता आणि दुर्बिणीतून बाईंच्या गुडघ्याकडे बघत होता.

बाई झेंड्यांपाशी थांबल्या. कमरेवर हात ठेवून बराच वेळ वळण बघितलं. बाई आता काय बोलतात म्हणून सगळे कान टवकारून उभे होते. फ्रोइलानने तर टोपी काढली.

“पोरांनो, नीट बघून घ्या,” बाई म्हणाल्या. “असं वळायचं नाही. फार उशीर केलाय.”

मग त्या खाली उतरून पुन्हा खुर्च्यांच्या लिफ्टमध्ये बसून वर गेल्या आणि कसं वळायचं ते करून दाखवलं.