पलंग क्रमांक सात

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मुलगा सुट्टीवर घरी गेला आणि त्याचे वडील मुलांच्या निवासी केंद्रात, पलंग क्रमांक सातवर राहिले. केंद्राच्या कागदपत्रांनुसार असं काहीही घडलेलं नाही. आपणही तसंच धरून चालू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी सगळं झकास होतं. वडिलांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते मोटार चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. वीस वर्षांत तो पाय इतका तयार झाला होता, की समोरचा नुसता वेगानं बोलायला लागला तरी मास्तरांची टाच जमिनीत रुतायची आणि तोंडातून "थांब, थांब, थांब" निघायचं. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा घरातून तीनदा पळाला होता. का पळाला, हे सांगायला त्यानं तीनदा सुरुवातही केली होती.

आता केंद्रात सात महिने काढल्यावर त्याला दोन दिवस घरी जायला मिळणार होतं. अट एकच. आधी आईवडिलांनी एक अख्खा दिवस केंद्रात काढायचा, मुलांचेच नियम पाळून. नियम मोडला की फळ्यावर नावापुढे लाल ठिपका. तीन ठिपके झाले की शनिवार-रविवार घर बंद. पालकांसाठी वेगळा फळा नसल्यामुळे मास्तरांचं नाव मुलांच्याच फळ्यावर, चिरंजीवांच्या खाली लिहिलं गेलं.

"आपल्याला काय धाड भरलीय?" मास्तर बायकोला म्हणाले. "दिवस तर काढायचाय."

पहिला ठिपका नाश्त्यानंतर पडला. फोन दारातल्या पेटीत टाकायचा होता. मास्तरांनी तो मोज्यात घातला होता. सगळे आपापली ताटली घासत असताना मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुमचा पाय वाजतोय."

एक शिकाऊ बाई भर चौकात गाडी बंद पाडून बसल्या होत्या. मास्तरांनी साबणाच्या हातानं फोन काढला आणि मोरीपाशी उभं राहून ओरडले, "क्लच दाबा! क्लच!" शेजारच्या चार मुलांनी घाबरून पाय दाबले.

दुसरा ठिपका दुपारी, गप्पांच्या गोलात. तिथे एक लाकडी उलथनं फिरायचं. ज्याच्या हातात उलथनं, त्यानंच बोलायचं. ते मुलाकडे आलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं.

"मला घरी यायचंय," तो म्हणाला, "पण—"

मास्तरांचा पाय खाली गेला. "पण नाही नि बिण नाही! यायचंय ना? मग झालं तर!"

मुलानं उलथनं मुकाट्यानं पुढे दिलं. ते नेमकं मास्तरांकडेच आलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पुढे सरकवलं.

तिसरा ठिपका दुसऱ्यावरून झाला. "बोललो म्हणून ठिपका? बापानं बोलायचंही नाही?" मास्तर फळ्यापुढे कडाडले आणि बाहीनं ठिपका पुसायला गेले. केंद्राच्या अधीक्षिका बाईंनी त्यांना पुसू दिला. मग त्या जागी दोन काढले.

"फळ्याला हात लावायचा नाही, हा नियम चार," त्या म्हणाल्या. "तुमचं घर बंद. उद्या संध्याकाळपर्यंत."

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, तीही हसत नव्हती.

"अहो बाई, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे!"

"तेच म्हणते मी. दार उघडं आहे, जा खुशाल. फक्त मला फायलीत लिहावं लागेल, 'पालक नियम मोडून निघून गेले.' मग मुलाची सुट्टी रद्द."

मास्तर मुलाकडे वळले. मुलगा पिशवी खांद्याला लावून उभा होता. ती त्यानं हळूच खाली ठेवली.

ती पिशवी पाहून मास्तर खाली बसले.

"राहतो," ते म्हणाले.

"राहाच," बायको म्हणाली. "तो सात महिने राहिलाय. तुमचा डबा देऊ का पाठवून?"

"नियम नऊ," बाई म्हणाल्या. "बाहेरचा डबा नाही."

निघताना मुलगा परत वळला. "बाबा, सात नंबर माझा आहे. डावीकडे वळू नका, फळी तुटलीय."

मास्तर डावीकडे वळले.

रविवारी संध्याकाळी मायलेक परतले, तेव्हा मास्तर रांगेत उभं राहून आपली ताटली घासत होते आणि मधूनमधून कंबर धरत होते. पुन्हा गोल बसला. उलथनं मुलाच्या हातात आलं. मास्तरांनी स्वतःचं तोंड तळहातानं दाबलं. पाय जमिनीत गेला तो गेलाच, पण हात जागचा हलला नाही.

"मला घरी यायचंय," मुलगा म्हणाला, "पण तुम्ही मध्ये बोलता, म्हणून—"

मास्तरांचा हात तोंडावरून निघाला. "मी? मी कधी मध्ये—"

गोलातली सगळी मुलं फळ्याकडे बघायला लागली.

सोमवारी अधीक्षिका बाईंच्या टेबलावर एक अर्ज आला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि कुठल्या फायलीत लावावा ते न समजल्यानं अजून हातातच धरला आहे:

"महोदया, अर्जदार स्वतः या केंद्रात असताना अर्जदाराचा मुलगा घरी एकूण सहा वेळा हसला, असे पत्नीकडून समजते. अर्जदार घरी असतानाचा आकडा उपलब्ध नाही. तरी मुलास कायमचे घरी सोडावे आणि त्याचे एक वाक्य अर्जदाराकडून शेवटपर्यंत ऐकून होईपर्यंत अर्जदारास पलंग क्रमांक सातवर ठेवून घ्यावे, ही नम्र विनंती. फळी दुरुस्त न केल्यास चालेल.

सोबत: अर्जदाराच्या पालकाची सही (वय पंधरा)."