नकली निघालं की चहा

नरसय्यामामांच्या घरात सगळी घड्याळं दीड तास मागे आहेत. भिंतीवरचं आणि कपाटातली तीसेक मनगटी, सगळी. संध्याकाळी सातला जावं तर आत साडेपाच वाजलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खुळ्यासारखं माझंच घड्याळ कानाला लावलं. मामी हसल्या. "भिऊ नको, आमच्यात मस्कतची वेळ असती."

मामा आमच्या गल्लीतले. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. पण आखाती देशांसाठी बनलेलं, अरबी आकड्यांचं जुनं घड्याळ सोलापुरात कुणाला सापडलं, की तो मामांचाच दरवाजा वाजवतो. मामा डोळ्याला भिंग लावतात. "हा चार बघ की. अरबांचा असा नसतोय. आपल्या हितल्या उर्दू पाट्या रंगवणाऱ्यानं काढलाय." काटे पिवळे पडलेले आणि तबकडी कोरी करकरीत असली तर म्हणतात, "म्हाताऱ्याला कवळी बसवलीय."

दुसरे जाणकार नकली माल पाहून तोंड वाकडं करतात. मामा खूश होतात! "नकली हाय!" अशी आरोळी ठोकून मामींना चहा टाकायला सांगतात. अस्सल निघालं तर मात्र मामांना दरदरून घाम फुटतो. मग चहा सोडाच, कुणी पाणीही विचारत नाही.

कारण श्रीनू. मामांचा धाकटा भाऊ, त्यांच्या तेलुगूत तम्मुडू. मस्कतला कामाला गेला आणि तिथून एक फोटो पाठवला. मनगट पुढे केलेलं, त्यावर तिथल्या बाजारातलं जुनं घड्याळ, सातच्या आकड्यापाशी टवका उडालेला. त्यानंतर ना पत्र, ना फोन. मामा ही विद्या शिकले ती तेवढं एक घड्याळ ओळखण्यासाठी. ते विकायला आलं म्हणजे श्रीनू गेला, असं त्यांनी मनाशी धरलंय.

गेल्या महिन्यात मंगळवारच्या बाजारात मी असंच एक अरबी आकड्यांचं घड्याळ घेतलं. विकणारा म्हातारा एका कडेला, रिकाम्या पोत्यावर बसलेला. घासाघीस केली नाही, एक शब्दही बोलला नाही. तासाभरात मी मामांकडे.

मामांनी भिंग लावलं. बराच वेळ काढलंच नाही. सातपाशी टवका होता.

"श्रीनूचं हाय," ते म्हणाले.

कुठून हे घेतलं, असं झालं. पण मामांनी घड्याळ गालाला लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"आरं, हे चालू हाय! ह्याला चावी नसती. हातात असलं तरच चालतंय, काढून ठिवलं की दीड-दोन दिवसात बंद. कोण तरी कालपरवापर्यंत घालून हिंडत होतं. विकणारा कसा होता?"

मी सांगितलं. "तो श्रीनूच आसंल," म्हणत चप्पल न घालताच मामा निघाले.

बाजारातली ती जागा रिकामी होती. पोतंही नव्हतं. शेजारी मंद्रूपची कांदेवाली. ती म्हणाली, "हितं? हितं कोण बी बसत न्हाय बाबा. सकाळधरनं मीच हाय की." भर दुपारी मी त्याच जागी वाकून घड्याळ घेतलं होतं.

मामांनी काही ऐकलं नाही. तिथेच धुळीत मांडी घालून बसले. आता दर मंगळवारी बसतात, समोर काही न मांडता. परवा मी उठवायला गेलो.

"घरी चला मामा. ऊन लई हाय."

"तू जा," ते म्हणाले. "जागा दुसऱ्यानं धरली तर तो बसंल कुटं?"