लॅपटॉप : पाहा – बायको

ग्रंथपालांच्या घरात कुठलीही वस्तू हरवत नसे. असं ग्रंथपाल म्हणत. घरातल्या प्रत्येक चिजेचं एक कार्ड होतं. छत्रीचं, कात्रीचं, सासरेबुवांच्या जुन्या चष्म्याचं आणि नव्याचंही. वाचनालयाने मोडीत काढलेलं चोवीस खणांचं लाकडी कपाट त्यांनी हौसेने घरी आणलं होतं आणि ही सगळी कार्डं त्यात अकारविल्हे लावली होती. तेव्हा नवा राउटर आला आणि बायकोने विचारलं, लावायला माणूस बोलवायचा का, तर ग्रंथपाल नुसते हसले.

"पाच हजार पुस्तकं जागच्या जागी ठेवतो मी. दोन वायफाय ठेवता येणार नाहीत?"

खरंच, त्या एवढ्याशा डबीतून दोन वायफाय निघत होती. एक वेगवान, पण भिंत आडवी आली की मान टाकणारं. दुसरं संथ, पण भिंतींतून निवांत झिरपत जाणारं. ग्रंथपालांना हे फार आवडलं. वेगवान बायकोच्या लॅपटॉपला, संथ सासरेबुवांच्या गेमला. विषय संपला.

लॅपटॉपचं काम तसंच होतं, बरं का. बायको पुलांचे आराखडे काढायची, आणि शनिवारी दुपारी चारला मुख्य आरेखक या जागेसाठी तिची मुलाखत होती, लॅपटॉपवरून. या जागेने तिला दोनदा हुलकावणी दिली होती. तिसऱ्यांदा अर्ज भरताना ती म्हणाली होती, आता नाही झालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. हे ग्रंथपालांच्या जिवाला लागलं होतं.

सासरेबुवांचं चारचं काम वेगळं होतं. बायकोचे हे वडील निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आले तेव्हा कोणीतरी त्यांना गेमचं यंत्र भेट दिलं. त्यात एक तळं होतं. ते रोज चारला त्या तळ्याकाठी गळ टाकून बसत, आणि पलीकडच्या काठावर त्यांचे परदेशातले थोरले भाऊ येऊन बसत. बोलत काही नसत. मासाही क्वचित लागे. तळ्याचा हिरवट उजेड तेवढा दिवाणखान्याच्या छतावर हलत राही.

शनिवारी सकाळी बायको लॅपटॉप घेऊन अर्ध्या दिवसासाठी ऑफिसला गेली, आणि ग्रंथपालांनी काम उरकलं. दोन वायफायना दोन नावं, दोन पासवर्ड, प्रत्येकी बावीस अक्षरांचे. राउटरची सेटिंग उघडायची कुलूपखूण वेगळी. सगळं सुवाच्य अक्षरात दोन कार्डांवर उतरवून कार्डं कपाटात. मग जेवून ते जे निजले, ते बायको साडेतीनला लॅपटॉप उघडून पासवर्ड मागेपर्यंत.

"एक मिनिट," ग्रंथपाल म्हणाले आणि कपाटापाशी गेले.

संथ वायफायचं कार्ड 'सासरे' या खणात पटकन सापडलं. सासरेबुवा जोडले गेले आणि तळ्यावर जाऊन बसले. ग्रंथपालांची छाती फुगली. मग त्यांनी 'वायफाय, वेगवान' काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'पाहा – लॅपटॉप'. 'लॅपटॉप'वर होतं, 'पाहा – बायको'.

'बायको' हा खण सगळ्यात भरलेला निघाला. बायको, हसू. बायको, राग, लहान. बायको, राग, मोठा, 'पाहा – छत्री'. छत्रीचं ते भांडण आठवून ग्रंथपाल उभ्या उभ्या हसले. पुढचं कार्ड, बायको, पहिला पूल. एका ओढ्यावरचा हातभर पूल तिने काढला होता आणि दोघं तो बघायला सायकलने गेली होती. पुलावर बसून पाय सोडले तर पाणी पायांना लागत होतं. ग्रंथपाल त्या पाण्यात किती वेळ होते कोण जाणे. छतावर हिरवा उजेड हलत होता, घड्याळ चालत होतं आणि त्यांना कशाचीच घाई वाटत नव्हती.

"अहो, चारला दहा कमी आहेत."

ते दचकून भानावर आले. खणातलं शेवटचं कार्ड त्यांनी उपसलं. 'बायको : पाहा – घर.' धावत 'घर' गाठलं. तिथे एकच कार्ड होतं, त्यांच्याच वळणदार अक्षरातलं. 'घर : पाहा – बायको.'

ग्रंथपालांनी कार्ड उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. फोनला त्या घरात जेमतेम हॅलो म्हणण्यापुरती रेंज होती, आणि सेटिंगची कुलूपखूण त्याच हरवलेल्या कार्डावर होती. बायकोची तिसरी आणि शेवटची संधी आपण स्वतःच्या हाताने अकारविल्हे लावून टाकली, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

गळावरची नजर न हलवता सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, तिला माझ्यावर जोडा की."

"पण ते गेमचं आहे."

"मग?"

एक पुस्तक दोन कपाटांत ठेवता येत नाही, हे ग्रंथपालांनी एकतीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. एका वायफायवर दोघं बसू शकतात हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं.

बायकोने त्यांच्या हातातून सासऱ्यांचं कार्ड घेतलं, बावीस अक्षरं टिपली आणि बरोबर चारला वडिलांशेजारीच बैठक मारली. आत जायला वेळच नव्हता. समोरच्या साहेबांनी विचारलं, हा पाण्याचा आवाज कुठला. ती म्हणाली, तळ्याकाठी आहे. मग साहेबांनी विचारलं, "हाताखालच्या माणसाने सगळं शिस्तीत करून काम अडवलं तर काय कराल?"

"रागावणार नाही," बायको म्हणाली. "दुसरीकडून वाट काढीन. अकरा वर्षांचा अनुभव आहे."

कपाटाआड बसलेल्या ग्रंथपालांनी मान खाली घातली. ते लाजलेही आणि खूश पण झाले.

जागा तिला मिळाली. सासरेबुवांना त्या दिवशी मासाही लागला. राउटरच्या पाठीतल्या भोकात टाचणी खुपसून जुने पासवर्ड पुसून टाकू आणि सगळं पुन्हा लावू या, असं बायकोने नंतर दोनदा सुचवलं. ग्रंथपाल तयार नाहीत. कार्ड घरातच आहे आणि घरात काही हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. तोवर सगळं घर सासरेबुवांच्या वायफायवर चालतं, आणि वेगवान वायफाय रात्रंदिवस वेगाने चालू असतं, कोणाशिवाय.