कोलकात्याचा कप तात्यांचा

आमच्या घरी दर बुधवारी चार वाजता जो चहा होतो, तो ज्यांच्यासाठी करतात त्यांना पिता येत नाही.

ती माणसं कोलकात्याला, जयपूरला, बंगळूरला आपापल्या घरी बसलेली असतात आणि आमच्या पडवीत लॅपटॉपच्या काचेवर एकेका चौकोनात दिसतात. माझ्या मोठ्या नणंदेच्या, कुमुदवन्संच्या, ऑफिसातली माणसं ती. जाहिराती करणारी एजन्सी आहे, पण तिला इमारत नाही, जिना नाही, शिपाई नाही. सगळे घरून काम करतात. तरी ओळख राहावी म्हणून बुधवारी प्रत्येकानं आपापला कप घेऊन काचेसमोर बसायचं आणि कामाचं सोडून बाकी सगळं बोलायचं, असा तिथला रिवाज आहे.

पहिल्या बुधवारी वन्संनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"समोर माणसं बसलीत नि मी एकटीच पिऊ?" मला म्हणाल्या.

समोरची माणसंही पीतच होती. पण ती त्यांच्या घरचा पीत होती. आमच्या पडवीत आलेल्यांना आमच्या घरचा चहा नको का? पुढच्या बुधवारी वन्संनी ट्रे भरून कप केले आणि लॅपटॉपसमोर ओळीनं मांडले. ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. कोलकात्याच्या इंद्रनीलला साखर चालत नाही, त्याचा बिनसाखरेचा. जयपूरच्या रिद्धिमाला आलं भरपूर. साहेब रोहन काळी कॉफी पितात, म्हणून ती.

आता केलेला चहा ओतून कसा टाकायचा? म्हणून शेजाऱ्यांना बोलावणं गेलं. तेव्हापासून रिद्धिमाचा कप काशीताई पितात आणि इंद्रनीलचा गणूतात्या. तात्यांनी सगळा जन्म होडीवर काढला, पण बिनसाखरेचा चहा त्यांना सोसत नाही.

"कुमुद, माझा माणूस बदल गो. मला जयपूर दे."

"जयपूर काशीताईंचं आहे, तात्या."

"मग त्या कोलकात्याला सांग, साखर खा म्हणावं. मधुमेह त्या मेल्याला, नि शिक्षा मला!"

"हळू बोला. समोर माणूस आहे."

साहेबांची काळी कॉफी माझ्या वाट्याला येते. काढ्यासारखी लागते. पण साहेबांची, म्हणून टाकवत नाही.

"समोर माणूस आहे" हे वन्संचं पालुपद. जाहिरातीखाली लोक जे बरंवाईट लिहितात त्याला उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. बाकीचे म्हणे ठरलेली दोन वाक्यं पाठवतात आणि मोकळे होतात. वन्संना ते जमत नाही. एका गाद्यांच्या कंपनीच्या जाहिरातीखाली कुणीतरी लिहिलं, "गादी एकदम भिकार." वन्संनी विचारलं, पाठ दुखते की मान? उशी कशी आहे? झोपता कुठल्या कुशीवर? तो माणूस आधी चिडला, मग सांगत बसला. शेवटी निघालं असं की, गादी बरी होती, बिचाऱ्याची बायको माहेरी गेली होती म्हणून झोप लागत नव्हती. वन्संनी त्याला लिहिलं, "आधी फोन करून तिला बोलवा, गादीचं नंतर बघू." साहेबांनी डोक्याला हात लावला. पण त्या माणसानं पुढे आईसाठीही तिथलीच गादी घेतली.

त्या ऑफिसात सर-मॅडम म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. रोहन साहेब तर माझ्या भाच्याच्या वयाचे. तरी साहेबाला नुसतं नावानं कसं बोलवायचं? वन्संनी तोडगा काढला, "अहो रोहन". पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्यांच्यातली एक पुण्याची मुलगी आपला चौकोन बंद करून हसून आली.

आणि तो अंगठा! दिवाळीला वन्संनी साहेबांना घरच्यांची विचारपूस करत लांबलचक शुभेच्छा लिहिल्या. साहेबांकडून उत्तर आलं, नुसता अंगठा.

"एवढं लिहिलं मी, आणि ह्यानं मला अंगठा दाखवला?"

दोन दिवस त्या साहेबांशी कामापुरतंच बोलल्या. शेवटी रिद्धिमानं फोन करून समजावलं की, त्यांच्यात अंगठा म्हणजे 'छान'. वन्संना लॅपटॉपातलं सगळं तिनंच शिकवलं होतं. रोज सकाळी शिकवायची, न कंटाळता. वन्संही तिला जेवलीस का, केसांना तेल लावलंस का, विचारायच्या.

रेंज गेली की वन्सं लॅपटॉप घेऊन घरामागच्या सड्यावर जातात. तिथे उघड्या कातळावर रेंज चांगली. मी मागे छत्री धरून उभी राहते, काचेत दिसणार नाही अशा बेतानं. येणारेजाणारे विचारतात, "काय गो वयनी, कसली पूजा चाललीय?" मी सांगते, "आमच्या वन्संचं ऑफिस चाललंय." मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण हे वाक्य मला मोठ्यानं बोलायला आवडतं.

तर अशा त्या ऑफिसात एका सोमवारी रिद्धिमाचा चौकोन दिसला नाही.

वन्संनी विचारलं, "बरी आहे ना पोर?"

साहेब म्हणाले की, एक मोठी कंपनी एजन्सी सोडून गेली, म्हणून रिद्धिमाचं काम शुक्रवारी संध्याकाळी थांबवलं. ग्रुपमधून तिचं नावही काढून टाकलं होतं. आणखी दोघांना कमी करावं लागेल, कोण ते महिनाअखेर ठरेल, असंही ते म्हणाले.

"पण तिला निरोप कधी दिलात?"

"मेल पाठवला होता, कुमुद."

"मेल नाही. निरोप."

गेलेल्या माणसाविषयी मीटिंगमध्ये बोलायचं नाही असा नियम आहे, असं सांगून साहेबांनी विषय बंद केला. दाराआडून मी सगळं ऐकत होते. हिंदी मला बोलता येत नाही, कळते.

वन्सं त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. संध्याकाळी तात्या आले, त्यांना हे कळलं.

"म्हणजे नारळ दिला पोरीला."

"दिला कुठे, तात्या? हातावर नारळ ठेवला असता तर बोलले असते का मी?" वन्सं म्हणाल्या. "बुधवारी आपण देऊ या. सगळ्यांच्या समोर."

आमचे हे मच्छीच्या बोटीवर असतात. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आल्या होत्या, आणि एकदा बंद झाल्या की पुढचे महिने आमचं घर वन्संच्या पगारावर चालतं. आणखी दोघांना काढणार म्हणत असताना साहेबांचा नियम मोडायचा? मी घाबरून ह्यांना फोन लावला.

"ताईला सांग, गप्प बस म्हणावं," हे म्हणाले. "ती जयपूरची पोर आपली कोण लागते?"

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. वन्संनी उलट मलाच विचारलं,

"कोण लागते म्हणजे? तिचा कप आहे आपल्याकडे."



बुधवारी पडवीत रांगोळी घातली, पाट मांडला. निरांजन, कुंकू, नारळ, सगळं ताटात. पाटावर काशीताईंना बसायला सांगितलं, कारण रिद्धिमाच्या वतीनं चहा पिणाऱ्या त्याच. त्या ठेवणीतली साडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या.

"म्हणजे मला कामावरून काढलंय असं समजायचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग रडू का?"

"आलं तर रडा. मुद्दाम नको."

चार वाजले. चौकोन उघडले. त्या दिवशी नेमक्या एजन्सीच्या मालकीणबाईही चहाला बसल्या होत्या. मी दाराची कडी घट्ट धरून उभी. मनात म्हटलं, वन्सं, आज राहू दे. पण त्यांनी मोबाईलवरून रिद्धिमाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन पाटाशेजारी ठेवला.

"कुमुद, हे आज नको," साहेब म्हणाले.

"अहो रोहन, थोडाच वेळ. नोकरी तुमची होती, तुम्ही काढून घेतलीत, त्यावर मी काही म्हणत नाही. पण ही मुलगी आमच्याकडे चहाला येत होती. चहाला आलेल्या माणसाला न सांगता उठवत नाहीत."

मग त्यांनी काशीताईंना कुंकू लावलं, ओवाळलं, हातात नारळ दिला. फोनमधून रिद्धिमा विचारत होती, "कुमुददीदी, काय चाललंय?" वन्सं तिला एकेक सांगत होत्या, "आता तुला कुंकू लावलं. आता ओवाळतेय. आता नारळ दिला, धर." तिकडून आवाज आला, "धरला." काशीताईंनी नारळ उराशी धरला आणि मुद्दाम न रडता रडल्या.

"आता कुणाला हिच्याविषयी बोलायचंय?" वन्संनी विचारलं.

सगळे आपापल्या कपात बघत होते. मालकीणबाई हलल्याही नाहीत.

मग इंद्रनीलनं घसा साफ केला. म्हणाला, "माझे वडील आजारी होते तेव्हा माझं सगळं काम रिद्धिमानं केलं. माझ्या नावानं. मला सुट्टीसुद्धा मागावी लागली नाही." तात्या आमच्या ओटीवरून ओरडले, "गुणाची गो पोर!" मग पुण्याची मुलगी बोलली. मग एकेक जण बोलायला लागला. शेवटी साहेब म्हणाले, "रिद्धिमा, तुझं काम चांगलं होतं. हे मी तुला शुक्रवारी फोन करून सांगायला हवं होतं."

फोनमधून रडण्याचा आवाज आला. पण ती हसतही होती.

मालकीणबाई एवढंच बोलल्या, "कुमुद, सगळे गेले की तुम्ही थांबा."

वन्संनी पडवीचं दार लोटून घेतलं. आम्ही अंगणात.

"गेली नोकरी," तात्या म्हणाले.

"माझी तर आधीच गेली," काशीताई डोळे पुसत म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं वन्सं बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ओवाळताना काय म्हणायचं असतं ते विचारत होत्या. नियम मोडलात, असंही म्हणाल्या."

"आणि नोकरी?"

"महिनाअखेर कळेल."

तो महिना कसा गेला ते मलाच माहीत. वन्सं मात्र लोकांना गाद्यांवर कसं झोपायचं ते शांतपणे सांगत होत्या. महिनाअखेर दोघांना काढायचं ते काढलंच. त्यांत वन्सं नव्हत्या. पण त्या दोघांना मेलवर नाही काढलं. मालकीणबाईंनी स्वतः फोन केले, बुधवारी चहाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं काम सांगितलं. इंग्रजीत होतं, मला कळलं नाही. तरी मी उंबऱ्याच्या बाहेर येऊन उभी राहून ऐकलं. आमच्या पूर्णगडच्या एका पडवीतून तो रिवाज तिकडे गेला होता. मला वाटलं, सगळ्या वाडीला ओरडून सांगावं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर कोकमांसाठी रातांबे फोडत बसलो होतो. हात लाल झाले होते. मी धीर करून विचारलं, "वन्सं, नोकरी गेली असती तर?"

त्यांनी हातातला रातांबा खाली ठेवला.

"मुंबईत मी टेलिफोन ऑपरेटर होते, तुला माहीत आहे," म्हणाल्या. "तळघरात बोर्ड होता. सगळ्या ऑफिसचे फोन माझ्या हातून जायचे. कुणाच्या घरी काय चाललंय, कोण आज नाराज आहे, आवाजावरून कळायचं मला. मग नवीन यंत्र आलं, त्याला माणूस लागत नव्हता. शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन हिशेबाच्या खिडकीवर गेले, वरच्या मजल्यावर. उतरताना लिफ्टमध्ये चौघं होते. बोलत होते आपसात. चौघांनाही मी आवाजावरून ओळखलं. एकाला तर मुलगी झाल्याचा फोन मीच जोडून दिला होता."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी मला कधी बघितलंच नव्हतं ना. मी एक शब्द बोलले असते तर ओळखलं असतं गो त्यांनी. पण नाही बोलले. तळमजला आला, ते पुढे निघून गेले."

त्या पुन्हा रातांबा फोडायला लागल्या. मी विचारलं,

"फोन उचलल्यावर काय म्हणायचात, वन्सं?"

त्यांनी लाल हात पदरापासून लांब धरले, पाठ सरळ केली आणि मी कधी न ऐकलेल्या, स्वच्छ, गोड आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. कुणाशी जोडून देऊ?"

मी म्हटलं, "कुमुदताईंशी."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"बोलतेय."