उशीवरचा तिसरा माणूस

"आयुष्यभर पोरांना ज्वालामुखी शिकवला, मला काय वाफ शिकवतेस! जा तू दाताच्या डॉक्टरकडे निर्धास्त!"

भूगोलाचे निवृत्त मास्तर असं छाती फुगवून म्हणाले आणि काकूंच्या दाढेत आणखी एक कळ उठली. कपांवर, उशांवर, टीशर्टांवर फोटो छापून देण्याचं हे दुकान त्यांनी एकटीच्या हिमतीवर उभं केलं होतं. जाता जाता त्यांनी पुन्हा बजावलं, "अहो, कागदाची शाईची बाजू खाली! मशीन तापलं की शाईची वाफ होते आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. एकदा शिरली की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. आणि वरून कोरा कागद घालायला विसरू नका!"

"पाठ झालं! जा!"

काकू परतल्या त्या अर्धा जबडा बधिर करूनच. मास्तर दारातच उभे! हा माणूस दारात हसत उभा असला म्हणजे आत हमखास काहीतरी फुटलेलं असतं.

"थोडीशी गंमत झाली," मास्तर म्हणाले.

एका बस ड्रायव्हरच्या निरोप समारंभासाठी त्याच्या फोटोचा टीशर्ट करायचा होता. मास्तरांनी कागद ठेवला शाईची बाजू वर करून!

"ता? ता पण?" काकूंना 'का'सुद्धा म्हणता येईना.

"अगं, भल्या माणसाला पालथं कसं घालायचं? गुदमरल्यासारखा दिसत होता!"

कोरा कागदही घातला नव्हता. टीशर्ट राहिला पांढराफटक आणि ड्रायव्हरसाहेब मिशांसकट मशीनच्या वरच्या तापलेल्या गादीवर जाऊन बसले. त्याच गादीखाली मास्तरांनी पुढची उशी दाबली. उशीवर नवरानवरी गोड हसत होते आणि दोघांच्या मधोमध, भुतासारखा फिकट, ड्रायव्हर!

"तुमच्या ज्वालामुतीला लावा आद!" काकू कडाडल्या. संतापाने कान लाल झाले, पण शिवीसुद्धा बोबडी निघत होती. त्याने त्या आणखीच भडकल्या.

इतक्यात नवरीची आई दारात. "झाली का उशी? संध्याकाळी लग्न आहे... अगंबाई! हा मधे कोण?"

"साक्षीदार," मास्तर म्हणाले.

"माझ्या लेकीच्या संसारात पहिल्याच दिवशी तिसरा माणूस? ही काय थट्टा आहे?" बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला.

काकूंनी मास्तरांना खुर्चीत बसवलं. "हलायतं नाही! हात मांडीवर!" गादीचं कापड ओरबाडून काढलं, नवं चढवलं. शेवटचा शिल्लक अभ्रा घेतला. फोटो पुन्हा छापला, कागद चिकटवला, शाई खाली, कोरा कागद वर. हात चालत होते आणि तोंडही. मास्तरांचं शिक्षण, मास्तरांची पेन्शन, मास्तरांचं अख्खं घराणं निघालं. मशीन वाजलं. काकूंनी विजयी मुद्रेने कागद सोलला.

रंग झकास! ड्रायव्हर गायब! फक्त खाली लिहिलेलं 'जन्मभर सोबत' उलटं होतं. छपाईच्या कागदावर अक्षरं उलटी काढावी लागतात, तेव्हा ती कापडावर सुलटी उमटतात. रागाच्या भरात काकू तेवढं एक बटण दाबायला विसरल्या होत्या.

मास्तर खुर्चीतूनच, हात मांडीवर ठेवून, हळूच म्हणाले, "आरशासमोर धरली तर अगदी स्पष्ट वाचता येतं."

नवरीच्या आईने काकूंकडे असं पाहिलं, की काकूंनी मुकाट्याने भिंतीवरचा आरसा काढला आणि उशीबरोबर बांधून दिला.